सामुदायिक मत्स्यपेटीत नव्या लोच माशांचा प्रवेश आणि आक्रमकतेचे व्यवस्थापन : पेडगाव (जि. परभणी) परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : लोच, बोटिया स्ट्रायाटा, सामुदायिक मत्स्यपेटी, स्वक्षेत्र, श्रेणीरचना, विलगीकरण, मराठवाड्यातील पाणी

प्रस्तावना

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर परभणी आणि मानवत रोड यांच्या दरम्यान पेडगाव हे लहानसे स्थानक आहे. या परिसरातील एखाद्या हौशी व्यक्तीने अथवा एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने मुंबईहून शोभिवंत मासे मागविले, तर ते प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून रात्रभराचा रेल्वेप्रवास करून परभणीस पोहोचतात आणि तेथून पुढे मोटारसायकलवर वा जीपमधून गावी येतात. इतका प्रवास सोसलेला मासा पेटीत सोडल्यावर मरण पावला, की दोष सहसा प्रवासाला अथवा विक्रेत्याला दिला जातो. लोच या गटातील माशांच्या बाबतीत मात्र खरे कारण पुष्कळदा निराळे असते. प्रवास त्यांनी निभावलेला असतो. पेटीत आधीपासून राहणाऱ्या माशांशी झालेल्या संघर्षात ते खचतात आणि त्यानंतर रोगास बळी पडतात.

हा विषय केवळ छंदाचा आहे असे मानून सोडून देता येत नाही. भारतीय बाजारात ‘झेब्रा लोच’ या नावाने मिळणारा बोटिया स्ट्रायाटा हा मासा पश्चिम घाटाबाहेर कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे. भारतातून होणाऱ्या शोभिवंत माशांच्या निर्यातीचा अभ्यास राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार २००५ ते २०१२ या काळात धोक्यात असलेल्या ३० जातींचे १५ लाखांहून अधिक मासे देशाबाहेर गेले आणि त्यांत मोठा वाटा असलेल्या मोजक्या जातींमध्ये बोटिया स्ट्रायाटाचा समावेश होता. हे मासे मुख्यतः नदीतून पकडले जातात. तेव्हा पेटीत अज्ञानामुळे मेलेल्या सहा लोचांच्या जागी दुसरे सहा आणणे म्हणजे नदीतून आणखी सहा मासे काढणे होय. प्रस्तुत लेखात नवे लोच पेटीत कसे सोडावेत, त्यांच्यातील आक्रमकता कशी ओळखावी व कशी आटोक्यात ठेवावी, आणि मराठवाड्याच्या पाण्यात व उन्हाळ्यात या साऱ्याला कोणत्या मर्यादा पडतात, याचे विवेचन केले आहे.

लोच माशांची ओळख

लोच हे तळाशी राहणारे, मिशा असलेले, लांबट अंगाचे मासे होत. महाराष्ट्राला ते परके नाहीत. मुंबई सरकारच्या सेवेत असलेले लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडले व ते १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कोबायटिस या प्रजातीत त्यांनी ज्या लोचांची वर्णने केली, त्यांपैकी एकास ‘मूरेह’ हे मराठी मच्छीमारांच्या बोलीतले नाव शास्त्रीय नाव म्हणून दिले. साइक्स यांना ही सवयच होती. खुद्री, कोळस, नुक्ता ही नावेही त्यांनी अशीच लोकभाषेतून उचलली आणि ती आजही शास्त्रीय नामावलीत टिकून आहेत. दख्खनच्या भाषेला प्राणिशास्त्रात मिळालेले हे स्थान आपल्या अभ्यासक्रमांत कोठेही सांगितले जात नाही, ही खेदाची बाब आहे.

बोटिया स्ट्रायाटाचे प्रथम वर्णन १९२० मध्ये सी. आर. नारायण राव यांनी तत्कालीन म्हैसूर संस्थानातील माशांवरून केले. नारायण राव हे बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमध्ये प्राणिशास्त्राचे अध्यापक होते आणि पुढे ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे पहिले संपादक झाले. १९५६ मध्ये कलावार व केळकर यांनी कोल्हापूरच्या माशांवरील लेखात याच माशाची कोल्हापूरकडील एक उपजात नोंदविली. म्हणजे कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील, महाराष्ट्राच्या हद्दीतील हा मासा आहे. अंगावर फिकट पिवळ्या व काळसर बारीक पट्ट्यांची दाट नक्षी, लांबी साधारण ७ ते ८ सेंमी, आणि वाहत्या, प्राणवायूने समृद्ध, दगडगोट्यांच्या पाण्याची आवड, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल.

बाजारात मिळणारे अन्य लोच म्हणजे उत्तर व पूर्व भारतातील बोटिया लोहाचाटा, बोटिया दारिओ व बोटिया अल्मोरी; सुमात्रा व बोर्निओ येथील नारिंगी रंगाचा व काळ्या पट्ट्यांचा ‘क्लाउन लोच’; आणि आग्नेय आशियातील यासुहिकोटाकिया प्रजातीचे मासे. क्लाउन लोच दुकानात ५ सेंमीचा दिसत असला तरी पूर्ण वाढ झाल्यावर २० ते ३० सेंमीपर्यंत पोहोचतो, हे विक्रेता क्वचितच सांगतो. सापासारखा दिसणारा लहान ‘कुहली लोच’ हा याहून वेगळ्या कुळातील असून तो भांडखोर नाही. त्याचा विचार येथे केलेला नाही.

बोटिया गटाच्या शरीररचनेतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाशी निगडित आहेत. पहिली, डोळ्याखाली असलेला दुभंगलेला काटा. एरवी तो त्वचेच्या खाचेत मिटलेला असतो. मासा घाबरला अथवा चिडला की तो बाहेर ताठ उभा राहतो. जाळीच्या धाग्यांत हा काटा अडकतो व सोडविताना माशाला इजा होते. पिशवीलाही तो भोके पाडतो. दुसरी, अंगावरील खवले अतिशय बारीक व त्वचेत रुतलेले असतात. त्यामुळे औषधांचा परिणाम त्यांच्यावर इतर माशांपेक्षा तीव्र होतो आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यांना लवकर जडतो.

आक्रमकता : स्वरूप व कारणे

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोन्राड लोरेन्झ यांनी आक्रमकतेवरील आपल्या १९६३ मधील प्रसिद्ध ग्रंथाची सुरुवात प्रवाळभित्तींवरील माशांपासून केली आहे. त्यांचे मुख्य निरीक्षण असे, की मासा सर्वांत त्वेषाने हल्ला करतो तो स्वजातीयावर. कारण अन्न, जागा व जोडीदार यांबाबत खरा स्पर्धक तोच असतो. लोच माशांत या स्पर्धेला आणखी एक पैलू आहे. ते कळपाने राहतात. एकमेकांवाचून त्यांना चैन पडत नाही आणि एकमेकांशी भांडल्यावाचून त्यांचे क्रमही ठरत नाहीत. कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचतो याचा ठराविक क्रम असतो, असे नॉर्वेतील शेल्देरुप-एब्बे यांनी १९२० नंतरच्या काळात दाखवून दिले. लोचांच्या गटातही असाच क्रम आढळतो. सर्वांत वरचा मासा बहुधा आकाराने मोठा असतो. खाण्याच्या ठिकाणी तो आधी येतो आणि आवडीची कपार त्याची असते.

क्रम ठरविण्याची रीत ठरावीक आहे. दोन मासे अंगाला अंग लावून समांतर पोहतात, पर पसरतात, एकमेकांना डोक्याने ढुशा देतात आणि काही वेळा त्यांचा रंग फिकट पडतो. क्लाउन लोचाचे काळे पट्टे अशा वेळी करडे दिसू लागतात. नवख्या पालकाला हा रोग वाटतो व तो औषध टाकतो. झटापट संपल्यावर रंग पूर्ववत होतो. औषधाची हानी मात्र मागे राहते. याच प्रसंगी पेटीतून ‘टक् टक्’ असा स्पष्ट आवाज ऐकू येतो. काच तडकली की काय, अशी शंका येण्याइतका तो मोठा असू शकतो. ‘स्कंक लोच’ या जातीतील अशा आवाजाचा आणि स्वक्षेत्राच्या रक्षणाचा संबंध व्हॅलिन्स्की व रिग्ली यांनी १९८१ मध्ये अभ्यासला होता. आवाज हा संघर्षातील संदेशाचा भाग आहे, हे आता सर्वमान्य आहे.

येथपर्यंतचे वर्तन नैसर्गिक असून त्यात हस्तक्षेप करण्याचे कारण नाही. हानिकारक आक्रमकतेची लक्षणे वेगळी आहेत. एकच मासा सतत पाठलागाचा विषय होतो. त्याचे पर फाटतात, बाजूंवर लाल ओरखडे दिसतात, तळ सोडून तो पाण्याच्या पृष्ठभागालगत अथवा गाळणयंत्राच्या मागे कोपऱ्यात राहतो आणि अन्न टाकल्यावरही बाहेर येत नाही. तळाचा मासा वर राहू लागला, तर त्याला खाली जागा उरलेली नाही असे समजावे. हे चिन्ह फाटलेल्या परांपेक्षा लवकर दिसते, म्हणून अधिक उपयोगाचे आहे.

नवागताची स्थिती वाईट होण्यामागे आणखी एक तत्त्व आहे. आधीपासून असलेला प्राणी नव्याने आलेल्यावर सहसा मात करतो. ऑक्सफर्ड येथे एन. बी. डेव्हिस यांनी १९७८ मध्ये फुलपाखरांच्या बाबतीत हे दाखविले. उन्हाच्या कवडशावर आधी बसलेला नर प्रत्येक वेळी जिंकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या निष्कर्षाच्या कारणमीमांसेवर पुढे मतभेद झाले, परंतु निवासी प्राण्याला लाभ असतो ही गोष्ट माशांसह अनेक प्राण्यांत वारंवार दिसून आली आहे. पेटीत या लाभाचा परिणाम अधिक क्रूर होतो. नदीत हरलेला मासा निघून जातो. चार फुटांच्या काचेत हरलेल्याला जाण्यास जागाच नसते.

समजा, एका पेटीत तीन वर्षांपासून एकटाच असलेला एक बोटिया लोहाचाटा आहे. त्याला सोबत हवी म्हणून लहान आकाराचे दोन लोच आणले आणि भर दिवसा, दिवे लावलेले असताना सोडले. संपूर्ण तळ हे त्या जुन्या माशाचे स्वक्षेत्र झालेले असते. कळपात वागण्याची त्याची सवय मोडलेली असते. अशा स्थितीत दोघांपैकी एक काही दिवसांतच खचतो आणि दुसरा काचेला टेकून राहतो. सोबत देण्याचा हेतू चांगला होता. संख्या, आकार, वेळ आणि पेटीची मांडणी या चारही गोष्टी मात्र चुकल्या.

पेडगाव परिसरातील पाणी व उष्मा

पुणे–मुंबईच्या अनुभवावर आधारलेल्या मार्गदर्शिका मराठवाड्यात जशाच्या तशा लागू पडत नाहीत. परभणी जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. येथील विहिरी व कूपनलिकांचे पाणी सामान्यतः कठीण व अल्कधर्मी असते, पीएच ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असणे नवलाचे नाही. लोचांना मऊ ते मध्यम कठीण पाणी मानवते, तरी हळूहळू सवय केल्यास पीएच ८ पर्यंतच्या पाण्यात बोटिया जाती राहू शकतात. त्यासाठी रसायने टाकून पीएच वरखाली करणे अनिष्ट आहे. स्थिर पण थोडे प्रतिकूल पाणी हे अनुकूल पण रोज बदलणाऱ्या पाण्यापेक्षा बरे.

अल्कधर्मी पाण्याचा खरा धोका अमोनियाच्या संदर्भात आहे. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात येणारा अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम हे रूप तुलनेने निरुपद्रवी, तर मुक्त अमोनिया विषारी. पीएच ७ वरून ८ झाला, की विषारी रूपाचे प्रमाण सुमारे दहापट होते. रात्रभर बंद राहिलेल्या पिशवीत माशांच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो व पाण्याचा पीएच खाली येतो; त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर चढतो. त्यातच पालकाने पीएच ८ चे पाणी पिशवीत ओतले, की मासा आपल्याच उत्सर्गाच्या विषात सापडतो. म्हणून दूरच्या प्रवासाहून आलेली पिशवी उघडून तासन्‌तास थेंबथेंब पाणी मिसळत बसणे ही प्रचलित पद्धत येथे घातक ठरू शकते. बंद पिशवी १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान समान करावे. मग पिशवी उघडावी, दोन-तीन वेळा थोडे थोडे पेटीतील पाणी मिसळून मासे लवकर बाहेर घ्यावेत आणि पिशवीतील पाणी फेकून द्यावे. मासे घेताना कापडी जाळीऐवजी प्लास्टिकचा डबा अथवा तांब्या वापरला, तर डोळ्याखालचा काटा अडकत नाही.

उन्हाळा हा याहून मोठा प्रश्न आहे. परभणीत मे महिन्यात हवेचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पत्र्याच्या अथवा धाब्याच्या खोलीतील पेटीचे पाणी ३२ अंश सहज ओलांडते. पाण्यात विरघळणारा प्राणवायू तापमानाबरोबर कमी होतो. २० अंशांना दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅम एवढाच प्राणवायू मावतो. माशाची गरज मात्र उष्णतेने वाढते. याच वेळी वीज गेली, की गाळणयंत्र व हवापंप दोन्ही बंद पडतात. दमछाक झालेल्या पेटीत संघर्ष हरलेला मासा सर्वांत आधी दगावतो. बोटिया स्ट्रायाटाला २१ ते २६ अंशांचे पाणी मानवते. क्लाउन लोच ३० अंशांपर्यंत सहन करतो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत एप्रिल ते जून या काळात कोणताही नवा लोच आणू नये, असे स्पष्टपणे म्हणावे लागते. उघड्या पाण्यावर लहान पंख्याचा झोत सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंशांनी थंड होते. मराठवाड्याची कोरडी हवा येथे उपकारक ठरते, कोकणात हा उपाय इतका साधत नाही. बाष्प झालेल्या पाण्याची भर क्षार नसलेल्या पाण्याने, म्हणजे पावसाच्या अथवा शुद्धीकरण यंत्राच्या पाण्याने घालावी; विहिरीच्या पाण्याने घातली तर कठीणपणा वाढत जातो.

हिवाळ्यातील काही रात्री तापमान १० अंशांखाली जाते. तेव्हा तापनियंत्रक असलेला हीटर आवश्यक आहे. पावसाळा संपल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ नव्या माशांसाठी सर्वांत योग्य होय. दिवाळीच्या सुटीत विभाग बंद राहणार असेल तर मात्र तोही टाळावा.

विलगीकरण

नवा लोच थेट मुख्य पेटीत सोडू नये. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा साध्या पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. लहान आकाराच्या सहा लोचांना तीन ते चार आठवडे ती पुरते. या पेटीतील स्पंजची गाळणी आधी काही आठवडे मुख्य पेटीत ठेवलेली असावी, म्हणजे अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू तिच्यावर वाढलेले असतात. नव्याकोऱ्या गाळणीवर विसंबून मासे आणणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग इक्थिओफ्थिरिअस या एकपेशीय परजीवीमुळे होतो. त्वचेखाली असताना त्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. पूर्ण वाढून तो माशाला सोडतो, तळाशी कवच करून शेकडो पिलांत विभागतो, आणि ती पिले पाण्यात पोहत असतानाच औषधाने मरतात. ठिपके दिसेनासे झाले म्हणून उपचार थांबविला तर रोग उलटतो, याचे कारण हेच. पाणी उबदार असल्यास हे जीवनचक्र आठवड्याच्या आत पूर्ण होते, थंड पाण्यात ते लांबते. उपचार करताना तापमान हळूहळू वाढवावे व हवापंप जोरात चालवावा. बाटलीवर लिहिलेली मॅलाकाइट ग्रीनची मात्रा लोचांसाठी निम्मी धरावी. तांबेयुक्त औषधे पूर्णपणे टाळावीत.

विलगीकरणाचा दुसरा लाभ वर्तनाचा आहे. सहा नवे लोच एकत्र तीन आठवडे राहिले, की त्यांच्यातील क्रम ठरून गेलेला असतो, ते नीट खाऊ लागलेले असतात आणि अंगाने भरलेले असतात. अशा गटाचा प्रवेश घाबरलेल्या, उपाशी व विस्कळीत माशांच्या प्रवेशाहून सर्वस्वी निराळा ठरतो. नदीतून पकडलेल्या लोचांत आतड्यातील कृमींमुळे खाऊनही पाठ सुकत जाण्याचा विकार आढळतो. तोही याच काळात लक्षात येतो.

प्रत्यक्ष प्रवेश

मुख्य पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच असेल तर तिची धारणक्षमता सुमारे २५५ लिटर होते. वाळू व दगड वजा जाता त्याहून कमी पाणी उरते. मध्यम आकाराच्या बोटिया लोचांचा सहा ते आठ जणांचा गट यात राहू शकतो. उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे आहे, कारण भांडण तळासाठी असते.

संख्येच्या बाबतीत तीन ही सर्वांत वाईट निवड समजावी. दोघांचे जमते व तिसरा कायमचा बळी ठरतो. पाच-सहा मासे असतील तर वरच्या माशाचा रोष वाटला जातो आणि कोणा एकाच्या वाट्याला तो सगळा येत नाही. म्हणून पेटीत आधी एकच लोच असल्यास एक-दोन आणण्यापेक्षा, जागा असेल तर, पाच आणावेत. जागा नसेल तर एकही आणू नये. नवे मासे जुन्यांच्या आकाराच्या जवळपासचे असावेत. निराळ्या जातींची सरमिसळ करताना पट्टेरी सिन्क्रॉसस प्रजाती व यासुहिकोटाकियाच्या मोठ्या जाती शांत स्वभावाच्या बोटियांबरोबर ठेवणे टाळावे. संथ पोहणारे व लांब परांचे मासे, उदाहरणार्थ एंजल व फायटर, हेही लोचांचे योग्य सोबती नव्हेत.

प्रवेशाच्या दिवशी पेटीची मांडणी बदलावी. दगड हलवावेत, लाकूड फिरवावे, वनस्पतींची जागा पालटावी. जुन्या माशाच्या स्वक्षेत्राच्या खुणा पुसल्या जातात आणि त्या दिवसापुरते सगळेच नवागत ठरतात. ज्या गटात भांडण होण्याची शक्यता आहे, तेथे या एका कृतीचा परिणाम सर्व औषधांहून व उपकरणांहून अधिक असतो. कपारींची संख्या माशांच्या संख्येपेक्षा जास्त असावी आणि शक्यतो प्रत्येक कपारीला दोन तोंडे असावीत, म्हणजे आत कोंडले जाण्याची भीती राहत नाही. यासाठी महागडी सजावट लागत नाही. फुटक्या माठाचे व कुंडीचे तुकडे कडा घासून बोथट करून घ्यावेत. जुनी गावठी कौले तर यासाठीच घडविल्यासारखी असतात. नदीतील गोटे चालतात, मात्र त्यांवर लिंबाचा रस टाकून पाहावा. फेस आला तर त्यात चुनखडी आहे. आधीच कठीण असलेल्या पाण्यात तिची भर नको. दृष्टीची रेषा मोडणे हे या मांडणीचे सूत्र होय. जो दिसत नाही, त्याचा पाठलाग होत नाही.

जुन्या माशांना आधी पोटभर खाऊ घालावे, दिवे मालवावेत आणि संध्याकाळनंतर नव्या गटाला एकाच वेळी सोडावे. एकेक करून सोडणे म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्रपणे भांडणास उभे करणे. दुसऱ्या दिवशीही प्रकाश मंद ठेवावा. अन्न दोन-तीन ठिकाणी टाकावे आणि त्यातील एक भाग दिवे मालविल्यानंतर टाकावा. लोच तेव्हा अधिक निर्धास्तपणे बाहेर पडतात. वनस्पतींबरोबर आलेल्या लहान गोगलगायी त्यांना फार आवडतात.

संघर्ष वाढल्यास

पहिले तीन-चार दिवस ढुशा व पाठलाग अपेक्षितच आहेत. त्या काळात पालकाने पेटीत हात घालून मध्यस्थी करणे निरर्थक असते. त्याने भीती तेवढी वाढते. वर सांगितलेली हानिकारक लक्षणे दिसली तरच पाऊल उचलावे, आणि ते बळी पडणाऱ्यावर नव्हे तर हल्लेखोरावर. दुबळ्या माशाला बाहेर काढून बरे करून परत सोडले, तर तो पुन्हा नवागत होतो व सगळे पहिल्यापासून सुरू होते. उलट वरच्या माशाला आठवडाभर विलगीकरणाच्या पेटीत ठेवले, की मागे राहिलेले मासे तळ वाटून घेतात आणि परतताना तो स्वतःच नवागत असतो. निवासी असण्याचा लाभ आता दुसऱ्यांकडे गेलेला असतो. काही वेळा हा प्रयोग दोनदा करावा लागतो. दुसऱ्यांदाही यश आले नाही, तर त्या माशाला त्या पेटीत स्थान नाही असे मानून दुसरी सोय पाहावी.

ही दुसरी सोय म्हणजे नदी, तलाव वा विहीर नव्हे. नको झालेला मासा दुधनेत सोडणे दयेचे वाटते, परंतु परक्या जाती अशाच वाटांनी आपल्या पाण्यात शिरल्या आहेत. उजनी जलाशयात मच्छीमारांची जाळी फाडणारा, दक्षिण अमेरिकेतील ‘सकर’ मासा मूळचा शोभेच्या पेटीतलाच. मासा विक्रेत्याला परत करावा अथवा मोठी पेटी असलेल्या दुसऱ्या पालकाला द्यावा.

जातीची निवड

पेडगावसारख्या ठिकाणी, उन्हाळ्यात थंडाव्याची सोय नसताना, बोटिया स्ट्रायाटा पाळणे समर्थनीय नाही. मासा सुंदर आहे, महाराष्ट्राचा आहे, आणि नेमके म्हणूनच त्याला पंचगंगेच्या वा तुंगेच्या खोऱ्यात राहू द्यावे. क्लाउन लोच उष्णता सोसतो, पण महाविद्यालयीन पेटीत मावत नाही. थोडी अधिक उष्णता सहन करणारा बोटिया लोहाचाटा हा मधला पर्याय ठरतो. वीजपुरवठा बंद पडल्यास चालणारा बॅटरीवरील हवापंप मात्र त्यालाही हवा.

प्राणिशास्त्राच्या अध्यापनासाठी लोच हवाच असेल, तर आणखी एक मासा विचारात घेण्याजोगा आहे. लेपिडोसेफॅलिक्थिस या प्रजातीचे बोटभर लांबीचे लोच दख्खनच्या वाळूमय प्रवाहांत सर्वत्र आढळतात. ते वाळूत शिरून डोळे तेवढे बाहेर ठेवतात, प्राणवायू कमी पडल्यास पृष्ठभागावरील हवा गिळून आतड्यातून श्वसन करतात आणि आपसांत फारसे भांडत नाहीत. येथील कठीण पाणी व येथील उन्हाळा त्यांच्या पिढ्यांनी सोसलेला आहे. बाजारात त्यांना किंमत नाही, कारण ते मातकट रंगाचे आहेत. बारीक वाळूचा तीन इंचांचा थर, मंद प्रवाह आणि सहा-आठ मासे एवढ्यावर त्यांची पेटी उभी राहते. आतड्यातून होणारे श्वसन पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविण्याची सोय तीत आपोआप होते. दुपारी वीज गेली की एकेक मासा वर येऊन हवेचा घोट घेतो आणि पुन्हा वाळूत जातो.